हाताला लागणारी भिंत

आमच्या लहानपणी घरात एक नियम होता: भिंतीला टेकायचं नाही. संगमेश्वराजवळचं आमचं घर चिऱ्याचं, वर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यावर चुन्याचीच सफेदी. ओटीवर बसल्या बसल्या कुणी जरा मागे रेललं, की सदऱ्याच्या पाठीवर पांढरा नकाशा उमटायचा. त्यावरून आई ओळखायची, कोण अभ्यासाला बसलं होतं आणि कोण नुसतंच बसलं होतं. मुंबईचा पाहुणा आला की त्याच्या पाठीशी लोड सरकवायची घाई व्हायची. त्यात पाहुणचार होता, तसाच पाहुण्याच्या टेरिकॉटच्या शर्टाचा धाकही होता.

सफेदी व्हायची गणपतीच्या आधी, पावसाने दोन-चार दिवस उघडीप दिली की. आठवडाभर अगोदर चुनकळी पिंपात पडायची. पाणी ओतलं की पिंप खदखदायचं, वाफा निघायच्या आणि आम्हा मुलांना दहा हात लांब उभं केलं जायचं. निवलेला चुना फडक्यातून गाळायचा, त्यात चिमूटभर नीळ आणि रात्री भिजत घातलेला डिंक. सफेदी करायला वाडीतलेच एक रंगारी यायचे. आम्ही मुलं त्यांना तात्या म्हणायचो. तात्यांचा कुंचा भिंतीवरून फिरला तरी पहिल्यांदा काहीच दिसायचं नाही, भिंत नुसती ओली. मी विचारायचो, "तात्या, रंग कुठाय?" ते म्हणायचे, "आता नाय दिसायचा. उद्या उठेल."

दुसऱ्या दिवशी भिंत खरंच उठलेली असायची. या उठण्यामागचं कारण मला पुढे पोटापाण्याच्या धंद्यात सापडलं.

मी सातवीत असताना तात्या उन्हाळ्यात मुंबईला पुतण्याकडे राहून आले आणि येताना फेविकॉलचा एक डबा घेऊन आले. 1959 साली बळवंतराय पारेखांनी बाजारात आणलेला हा पांढरा गोंद तोवर शहरातल्या सुतारांनी आपलासा केला होता. त्याआधी सुतारांना जनावरांच्या हाडाकातड्यांचा सरस उकळून, त्याचा वास सोसत काम करावं लागे. तात्यांनी मुंबईतल्या रंगाऱ्यांना हा गोंद चुन्यात ढवळताना पाहिलं होतं. त्यांनी डिंकाला सुट्टी दिली, ओंजळभर फेविकॉल पाण्यात पातळ केलं आणि बादलीत ओतलं. दोन दिवसांनी मला म्हणाले, "टेक पाठ." मी घाबरत टेकलो. सदरा कोरा. आईचा विश्वास बसेना, तिने पदराचं टोक भिंतीवर घासून पाहिलं. पदरही कोरा. त्या वर्षी गणपतीला आलेला प्रत्येक माणूस आमच्या भिंतीवरून हात फिरवून गेला.

रंगात घातलेलं लॅटेक्स मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. त्याला लॅटेक्स म्हणतात हे कळायला पुढे दहा वर्षं गेली.

लॅटेक्सला मराठीत सरळ शब्द आहे, चीक. रुईचा चीक, उंबराचा चीक, फणस चिरताना हाताला खोबरेल लावून ज्याच्यापासून बचाव करायचा तो चीक. व्यालेल्या गाईचं पहिलं दूधही चीकच, ज्याचा खरवस होतो. दोन्हींत साम्य आहे: पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे कण, आणि त्यांच्यामुळे आलेला पांढरेपणा. झाडाचा चीक वाळला की चिकट पापुद्रा होतो. कारखान्यातला चीक हेच करतो, फक्त तो झाडातून येत नाही. अमेरिकेत भिंतीच्या पाण्यातल्या रंगाला आजही लॅटेक्स पेंट म्हणतात, पण त्यात रबराच्या झाडाचा थेंबही नसतो. 1942 साली जपानने मलाया घेतल्यावर अमेरिकेचं नैसर्गिक रबर तुटलं, आणि स्टायरीन व ब्यूटाडाईन यांपासून कृत्रिम रबर करण्याचा मोठा खटाटोप सुरू झाला. युद्ध संपलं आणि त्या चिकाला नवं गिऱ्हाईक शोधायची वेळ आली. 1948 मध्ये ग्लिडन कंपनीने त्याच जातीच्या चिकावर 'स्प्रेड सॅटिन' हा घरातल्या भिंतींचा रंग काढला. 1953 मध्ये रोम अँड हास कंपनीने पूर्णपणे ॲक्रिलिक असं इमल्शन रंगवाल्यांना दिलं, आणि बाहेरच्या भिंतींचाही प्रश्न बराचसा सुटला. आपल्याकडे लॅटेक्स हा शब्द रुजला नाही. दुकानदार इमल्शन म्हणतो आणि रंगारी प्लास्टिक म्हणतो. मला रंगाऱ्याचा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

बी.एस्सी. होऊन मी अंबरनाथच्या एका लहान कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. बत्तीस वर्षं मी पांढरं पाणी विकलं, असं मी गमतीने सांगतो. व्हिनाइल ॲसिटेट, स्टायरीन, ब्यूटिल ॲक्रिलेट असली द्रव्यं, पाणी, साबणासारखं काहीतरी आणि चिमूटभर परसल्फेट, हे सगळं बंद भांड्यात 80 अंशांच्या आसपास तासन् तास ढवळत ठेवायचं. नीट जमलं तर पांढरंशुभ्र दूध, त्यात साधारण निम्मं पाणी. नाही जमलं तर भांड्यात रबराचे गोळे, आणि ते काढायला माणसं आत उतरवायची. कामगार म्हणायचे, "साहेब, फाटलं." ब्यूटिल ॲक्रिलेटचा उग्र वास कपड्यांत असा बसायचा की लोकलमध्ये माझ्या शेजारची जागा गर्दीच्या वेळीही थोडी मोकळी राहायची.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला काचेच्या पट्टीवर त्या दुधाचा पातळ थर ओढायला सांगितलं आणि बसून बघायला सांगितलं. एवढंच काम. कडेपासून थर हळूहळू काचेसारखा होत गेला आणि पंधरा-वीस मिनिटांत पांढरेपणा नाहीसा झाला. साहेब म्हणाले, "काय झालं ते सांग." मला सांगता आलं नाही. आज सांगायचं तर साबुदाण्याच्या खिचडीचा दाखला देईन. भिजलेला साबुदाणा पांढरा आणि सुटा. कढईत पडून आच लागली की दाणे मऊ होतात, एकमेकांना चिकटतात आणि पारदर्शक होतात. सुगरणीला तो गोळा नको असतो, आम्हाला नेमका तोच हवा असतो. चिकाचा कण 100-200 नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीत असे काहीशे कण मावतील. पाणी उडालं की ते जवळ येतात, दाबले जातात, सीमा पुसून एकमेकांत मिसळतात. मिसळण्याइतके ते मऊ हवेत. फार मऊ ठेवले तर रंग वाळल्यावरही चिकट राहतो, धूळ धरतो, पावसाळ्यात नव्याने रंगवलेली खिडकी चौकटीला अशी बसते की उघडताना रंगच सुटून येतो. फार कडक ठेवले तर ते जुळतच नाहीत, थराला भेगा पडतात. मग कडक कण काही काळापुरते मऊ करणारं आणि नंतर हळूहळू उडून जाणारं एखादं द्रव्य घालायचं. आमच्या धंद्यात कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय हाच असतो: काहीतरी घालायचं.

मग माझी सफेदी हाताला का लागायची? चुना तसा स्वतःच स्वतःला धरतो. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि ही क्रिया ओलाव्यातच नीट होते. म्हणून श्रावणातली उघडीप सफेदीला उत्तम. भिंत आधी भिजवून, ताकासारखे पातळ हात दिले तर चुना फारसा हाताला येत नाही. पण वाडीत दहा घरं उरकायची असली की तात्या तरी काय करणार? दोन जाड हात द्यायचे आणि पुढच्या घरी जायचं. जाड थर वरवर वाळतो, आत पीठ राहतं.

डिस्टेंपरची गोष्ट वेगळी, तिथे सगळा हिशोब चिकाचा. खडूची भुकटी, टाल्क, थोडं टायटॅनियम डायऑक्साइड, आणि या साऱ्याला बांधणारा चीक. बेसनाच्या लाडवाला तूप लागतं तसं. तूप हात राखून घातलं तर लाडू वळला जातो, पण ताटलीत ठेवताच फुटतो. 1949 साली अस्बेक आणि व्हॅन लू या अमेरिकी संशोधकांनी ही सीमा आकड्यांत मांडली: भुकटीच्या कणांमधल्या फटी भरायला बंधक जेमतेम पुरतो, ते प्रमाण. त्याच्या अलीकडे थर एकसंध राहतो. पलीकडे फटींत हवा शिरते आणि रंगाचे सगळे गुण एकदम पालटतात: चकाकी जाते, पाणी शिरू लागतं, थर हाताला लागतो. स्वस्त रंग या सीमेच्या पलीकडेच बनवतात. त्यात फसवणूकच असते असं नाही. चाळीतल्या एका खोलीला दर दोन वर्षांनी हात मारणाऱ्याला दहा वर्षं टिकणारा रंग नकोच असतो.

आणि इथेच तात्यांचं "उद्या उठेल" मला सापडलं. पांढरेपणा म्हणजे प्रकाश विखुरणं, आणि प्रकाश विखुरतो तो दोन पदार्थांची प्रकाश वाकवण्याची ताकद वेगवेगळी असते तेव्हा. चुनखडीचा आकडा साधारण 1.6, पाण्याचा 1.33, हवेचा 1. ओल्या सफेदीत चुन्याभोवती पाणी, फरक थोडा, म्हणून तिच्यातून मागची भिंत दिसते. पाणी गेलं की तिथे हवा येते, फरक वाढतो, भिंत पांढरी होते. टायटॅनियम डायऑक्साइडचा आकडा 2.7, म्हणून तो चिकात बुडला तरी पांढराच राहतो, आणि म्हणूनच महाग. सफेदीचा पांढरेपणा निम्मा चुन्याचा आणि निम्मा हवेचा. रंगाऱ्याच्या बिलात हवेचे पैसे नसतात.

हवेचा हा उपयोग रोम अँड हासच्या संशोधकांनी एका निराळ्याच चिकात करून दाखवला. 1980 च्या दशकात त्यांनी आतून पोकळ कणांचं लॅटेक्स रंगवाल्यांना दिलं. डब्यात असताना कणाच्या पोटात पाणी असतं, रंग वाळताना ते कवचातून निघून जातं आणि पोकळी उरते. कवच कडक, म्हणून पोकळी मिटत नाही. ती बंद हवा प्रकाश विखुरते आणि महाग टायटॅनियमची थोडी बचत होते. पहिल्यांदा त्याचा नमुना हातात आला तेव्हा मला तात्यांची आठवण झाली. सफेदीतली हवा उघडी, तिच्यात पाणीही शिरतं आणि बोटही. या कणातली हवा डबीत बंद केलेली. युक्ती जुनीच, वर झाकण घातलेलं.

रंगाच्या डब्यात असे कितीतरी चीक पाहुण्यासारखे येतात. मुख्य चीक वेगळा, हे वरचे. त्यातला एक दाटपणा आणणारा. बाटलीत तो पाण्यासारखा पातळ, चवीला नसला तरी स्वभावाने आंबट. रंगात बहुधा अमोनिया असतो, त्याच्या सहवासात याचे कण फुगतात आणि रंगाला साय आल्यासारखी होते, ब्रशवरून ठिबकत नाही. आमच्याकडे लागलेल्या एका नव्या पोराने हे द्रव्य पातळ न करताच ओतलं होतं. बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकल्यावर पिठल्याचं जे होतं, ते 200 लिटरच्या पिंपाचं झालं. दुसरा चीक पावसासाठी. ओली भिंत थोडी फुगते, थर थोडा फुगतो, आणि दोघांमधली पकड सुटते. कणाच्या पृष्ठभागावर युरियाच्या जातीचा एक घटक शंभराला एखादा भाग गुंफला, तर ओल्यातही पकड राहते. बाहेरगावच्या पुस्तकांत रंग गोठून बिघडण्याची प्रकरणंच्या प्रकरणं असतात. ती मी वाचायचो आणि खिडकीबाहेरच्या अंबरनाथच्या पावसाकडे बघून पान उलटायचो.

प्रत्येक घातलेल्या गोष्टीची किंमत असते, हे वाक्य मी नव्या मुलांना शेकडो वेळा ऐकवलं. कण पाण्यात सुखाने तरंगावेत म्हणून साबण जास्त घातला, तर नव्या रंगावर पहिलाच पाऊस पडताच तो साबण बाहेर येतो आणि भिंतीवर चिकट ओघळ उमटतात. आमटीत मीठ पडलं की पडलं, तसंच. पण हे मुलांना सांगणारा मी एकदा तोंडावर पडलो, ते सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरातल्या एका तीनमजली सोसायटीच्या बाहेरच्या रंगाचं काम आमच्या एका गिऱ्हाइकाकडे होतं. भिंतींना जुना सिमेंट पेंट, तळहात फिरवला की पिठात बुडवल्यासारखा. मे संपत आला होता. भिंती तारेच्या ब्रशने घासून धुवायला आणि वाळवायला आठ-दहा दिवस हवे होते आणि ते कंत्राटदाराकडे नव्हते. त्याने मला विचारलं, "साहेब, असं काही आहे का, जे रंगात टाकलं की झालं?" मला नाही म्हणता आलं असतं. पण आमच्याकडे एक नवं ॲक्रिलिक होतं, माझं लाडकं. ते रंगात वाढवून घातलं आणि प्रयोगशाळेत घासून पाहिलं. ब्रशचं यंत्र पुढे-मागे फिरतं आणि थर फाटेपर्यंतच्या फेऱ्या मोजायच्या असतात. नेहमीच्या दुप्पट फेऱ्या झाल्या तरी थर शाबूत. मी खूश. भिंतींवरून नुसता झाडू फिरवला आणि रंग लागला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी जाऊन तळहात फिरवला. हात कोरा. अगदी आमच्या आईच्या पदरासारखा.

जुलैच्या अखेरीस सेक्रेटरींचा फोन आला. गेलो, तर पश्चिमेच्या भिंतीवरून रंग खाली लोंबत होता. कपच्या नव्हे, चादरी. निवृत्त शाळामास्तर होते ते. त्यांनी एक हातभर लांब तुकडा ओढून काढला, माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, "रंग उत्तम आहे तुमचा. फाडून बघा, फाटत नाही." खरंच फाटत नव्हता. तुकडा उलटा केला तर मागे जुन्या सिमेंट पेंटचं पीठ, सारवल्यासारखं एकसारखं. रंगाने पिठाला घट्ट धरलं होतं. पीठ भिंतीला धरून नव्हतं.

मी घातलेल्या चिकाने रंगाची स्वतःशी असलेली पकड वाढवली. भिंतीशी असलेली पकड तिथे मुळात नव्हतीच, ती वाढणार कशी? उलट थर जितका चिवट, तितका तो आक्रसताना आणि फुगताना मागच्या पिठाला जोराने खेचणार. साधा, हलका रंग असता तर जागोजागी भुरभुरला असता, कुणाच्या लक्षात आलं नसतं. यंत्राने मला रंगाबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. प्रश्न भिंतीचा होता. दिवाळीनंतर भिंती घासून धुतल्या. मग 50-60 नॅनोमीटरचे बारीक कण असलेला, पाण्यासारखा पातळ चीक आधी भिंतीला पाजला. तो पिठात शिरतो आणि पीठच भिंतीला बांधतो. त्यावर रंग. निम्मा खर्च आमच्या मालकांनी सोसला. ते मला काहीच बोलले नाहीत, आणि पगारवाढीच्या वेळीही काहीच बोलले नाहीत.

मास्तरांनी तो तुकडा हातात दिला, त्या रात्री लोकलमध्ये मला आमची ओटी आठवली. फेविकॉल घातलेल्या सफेदीचं कौतुक दोन वर्षं टिकलं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर पापुद्रे उभे राहिले. जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरुवात आणि मग वर वर. सकाळी केर काढताना आईला भिंतीखाली पांढरे तुकडे मिळायचे, कधी कधी चहाच्या बशीएवढे. ती म्हणायची, "आता टेकता येतं, पण झाडावं लागतं." तात्या चुन्याला दोष द्यायचे. चुन्याचा दोष नव्हता, आणि गोंदाचाही नव्हता. तो लाकूड जोडण्यासाठी बनवलेला गोंद, चुन्यात राहायला बनवलेलाच नाही. चुना कमालीचा अल्कली. त्याच्या संगतीत हा चीक हळूहळू तुटत जातो. शिवाय चिऱ्याची भिंत जोत्यातून पाणी ओढते आणि पृष्ठभागावरून सोडते. सफेदी तिला आडवी येत नव्हती. आम्ही वरून जो पातळ रेनकोट घातला, त्याच्या आत भिंत घामाने निथळत राहिली. हाताला लागणारी भिंत दर वर्षी थोडी थोडी आपली आपण झडत होती आणि आम्ही तिच्यावर पुन्हा पातळ हात देत होतो. तो एक करार होता. आम्ही तो मोडला, सदऱ्यासाठी.

लाकडाबद्दल थोडं सांगतो, कारण तिथे चिकाची मर्यादा आणखी उघडी पडते. आमच्या घराच्या वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावलेलं, काळंकुट्ट, वाळवी फिरकत नसे. दारांना बेलतेल. आमचा सुतार म्हणायचा, "लाकडाला रंग पाजायचा, चोपडायचा नाही." तेल लाकडाच्या नळ्यांत शिरतं. चिकाचा कण मोठा, तो उघड्या छिद्रांत आणि पृष्ठभागावरच अडतो. लाकडाच्या पेशीची भिंत त्याच्यासाठी बंद दार. त्यात पाण्याने लाकडाचे रेषे उभे राहतात, पॉलिश पेपर मारून ते पुन्हा बसवावे लागतात. म्हणून लाकडाच्या रंगछटा पाण्यात बनवणारे बारीकातला बारीक कण शोधतात, किंवा चिकात थोडं तेलाच्या जातीचं अल्कीड इमल्शन मिसळतात. एकदा मी हौसेने आईनाच्या जुन्या खिडकीला पाण्यातला पांढरा रंग दिला. सकाळी पाहतो तर पांढऱ्यावर चहा सांडल्यासारखे डाग. लाकडातलं टॅनिन पाण्याबरोबर वर आलं होतं. ते अडवणारेही चीक आहेत: नेहमीच्या चिकाचे कण ऋणभारित असतात, हे धनभारित, टॅनिनला जागच्या जागी धरतात. पण त्या खिडकीला मी शेवटी बेलतेलच लावलं. रसायनशास्त्राने हार मानली असं नाही. मला वास आवडतो.

गेल्या वर्षी घराची डागडुजी काढली. रंगकामाला तात्यांचा नातू आला, आता तो कंत्राटदार, मोबाइलमध्ये हजार छटांचं कार्ड. माझ्या पुतण्याला सगळीकडे प्लास्टिक हवं होतं. भिंत खरवडताना जुने थर दिसत गेले: वर कुणीतरी दिलेला डिस्टेंपर, त्याखाली पिवळट चिवट पापुद्रा, तो तात्यांचा, आणि त्याखाली चुना, चुना, चुना, शेवकांडाएवढा जाड. नातवाने विचारलं, "काका, चुनाच द्यायचा तर द्या. पण यात काय टाकू? आजोबा टाकायचे." पुतण्या बाजूला उभा राहून म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर हेच केलंत, आणि घरच्याच भिंतीला नाही म्हणता?"

बराच वेळ घासाघीस झाली. बाहेरून नुसता चुना, भिंत भिजवून, पातळ पाच हात. हे ठरलं. पडवीत मात्र माणसं बसतात, पाठी टेकतात, आता सगळ्यांच्या शर्टांना इस्त्री असते. तिथे बसल्यावर डोकं लागेल तेवढ्या उंचीपर्यंतच चुन्यात चीक घालायचा, तोही फेविकॉल नव्हे, अल्कली सोसणारं ॲक्रिलिक, आणि आजोबांच्या ओंजळीच्या निम्म्याने. वर काही नाही. पूर्वी याच उंचीपर्यंत कावेचा लाल पट्टा असायचा, त्यामुळे कल्पना कुणाला विचित्र वाटली नाही. नातवाने पेन्सिलीने रेघ मारून घेतली आणि दोन बादल्यांत गल्लत होऊ नये म्हणून एकीच्या कडीला सुतळी बांधली. वाळल्यावर रेघ दिसेनाशी झाली. वरचं पांढरं आणि खालचं पांढरं, ओळखू येईना. गणपतीला आलेले लोक टेकून बसले.

नंतर अनंत चतुर्दशीच्या आसपास तीन दिवस वाऱ्याचा पाऊस झाला आणि झड पडवीत आली. सकाळी पाहिलं तर भिंतीवर आडवी रेघ. वरचा चुना पाणी पिऊन करडा झाला होता, चिऱ्याचा लालसरपणासुद्धा कुठे कुठे दिसत होता. खालचा चुना कोरडाठाक पांढरा. वहिनी म्हणाली, वाळेल, दिवाळीपर्यंत जाईल. आठवडाभरात गेली.

यंदा जून लागला, दोन सरी झाल्या, आणि ती परत आली आहे. पुतण्या फोटो पाठवून विचारतो, वर पण देऊन टाकू का? मी अजून उत्तर दिलेलं नाही.